काळी फिल्म पिवळी का पडते

२००९ साली जपानमधल्या योकोहामाच्या तोइन विद्यापीठातून एक लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्राध्यापक त्सुतोमु मियासाका आणि त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे तरुण संशोधक अकिहिरो कोजिमा यांनी शिसे आणि आयोडीन असलेल्या एका स्फटिकापासून सोलर सेल तयार केला होता. त्याची कार्यक्षमता होती ३.८ टक्के. म्हणजे त्याच्यावर पडणाऱ्या शंभर भाग प्रकाशऊर्जेतले जेमतेम चार भाग विजेत उतरत होते. शिवाय हा सेल काही मिनिटांतच निकामी व्हायचा, कारण आत भरलेल्या द्रवात तो स्फटिकच विरघळून जायचा. छपरावरचं सिलिकॉनचं पॅनेल त्या काळात पंधरा टक्क्यांच्या आसपास काम करत होतं आणि पंचवीस वर्षांच्या हमीसह विकलं जात होतं. त्या निबंधाकडे तेव्हा फारसं कुणी वळून पाहिलं नाही, यात नवल नाही.

आज त्याच जातीच्या सेलची प्रयोगशाळेतली नोंद २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सिलिकॉनला बेल लॅबमधल्या १९५४ सालच्या ६ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत यायला साडेचार दशकं लागली. पेरोव्स्काइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थाने २५ चा टप्पा दहा वर्षांत ओलांडला. तरीही आपल्या गावातल्या सोलरच्या दुकानात पेरोव्स्काइटचं पॅनेल मागितलं तर मिळणार नाही. मिनिटांत मरणारा सेल आता हजारो तास चालतो, पण छपरावर त्याला चालायचं असतं पाव शतक. कार्यक्षमता एवढी धावत पुढे गेली आणि टिकाऊपणा मागे का राहिला? या दोन्हींचं मूळ पदार्थाच्या एकाच स्वभावात आहे, असं मला वाटतं, आणि तो स्वभाव समजला की गेल्या दहा-बारा वर्षांतली सगळी धडपड नीट उलगडते.

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचं नाव. १८३९ साली जर्मन खनिजतज्ज्ञ गुस्टाव्ह रोझ यांनी उरल पर्वतातून आलेल्या नमुन्यांत कॅल्शियम टायटेनेटचं हे खनिज ओळखलं आणि रशियातले सरदार व खनिजांचे जाणकार लेव्ह पेरोव्स्की यांचं नाव त्याला दिलं. सोलर सेलमध्ये हे खनिज नसतंच. असते ती फक्त त्याची अणूंची मांडणी. शिशाच्या प्रत्येक आयनाभोवती आयोडीनचे सहा आयन, अशी आठ बाजूंची आकृती तयार होते. अशा आकृत्या कोपऱ्याला कोपरा जोडून तिन्ही दिशांना पसरतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत एक मोठा धनभारित आयन बसतो. पहिल्या सेलमध्ये या पोकळीत मिथिलअमोनियम होता. कार्बन, नायट्रोजन आणि हायड्रोजनचा हा छोटासा सेंद्रिय रेणू. असा स्फटिक जर्मनीत स्टुटगार्टला डीटर वेबर यांनी १९७८ सालीच तयार केला होता. त्याच्यावर ऊन पाडून वीज काढायचं मात्र पुढची तीस वर्षं कुणाच्या मनात आलं नाही.

सिलिकॉनशी तुलना केली की या पदार्थाचं आकर्षण कळतं. सिलिकॉन प्रकाश शोषून घेण्यात मंद आहे, म्हणून त्याची चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाड ठेवावी लागते. पेरोव्स्काइटला अर्धा मायक्रॉन पुरतो. सिलिकॉन मिळवायचं तर वाळूतल्या सिलिकेला प्रचंड तापमानाच्या भट्टीत टाकावं लागतं, मग ते कमालीचं शुद्ध करून १४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळवून त्याचा एकसंध स्फटिक ओढावा लागतो. पेरोव्स्काइट द्रावणातून काचेवर पसरतो आणि १००-१५० अंशांवर घट्ट होतो. सिलिकॉनमध्ये अब्जात एखादा परका अणूही त्रास देतो. पेरोव्स्काइटमध्ये त्याच्या कितीतरी पट दोष असूनही सेल चालतो, कारण त्याच्यातले बरेचसे दोष धावत्या इलेक्ट्रॉनला अडकवून ठेवत नाहीत.

प्रयोगशाळेत हा थर कसा धरतात, ते जवळून पाहण्यासारखं आहे. काम चालतं ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून. लेड आयोडाइड आणि मिथिलअमोनियम आयोडाइड योग्य द्रावकात विरघळवले की पिवळं, पारदर्शक द्रावण होतं. इंचभर काचेवर त्याचे काही थेंब टाकायचे आणि ती काच स्पिन कोटरवर मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरवायची. द्रावण पसरतं, द्रावक उडू लागतो. तेवढ्यात वरून टोल्युइन किंवा क्लोरोबेन्झिनसारखा दुसरा एक द्रव सोडायचा, ज्यात पेरोव्स्काइट विरघळत नाही. तो उरलेला द्रावक झटकन काढून घेतो आणि काचभर एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिकबीजं पडतात. मग काच हॉट प्लेटवर ठेवली की फिकी फिल्म बघता बघता तपकिरी होते आणि शेवटी चकचकीत काळी. सगळी मेख आहे ती दुसरा द्रव कधी सोडायचा यात. वडीचा पाक उतरवताना जी नजर लागते तीच इथे लागते. पाक थोडा पुढे गेला तर वडी भुगा होते, मागे राहिला तर थापलीच जात नाही. इथे फरक दोन-चार सेकंदांचा. चुकलं तर फिल्म खडबडीत होते आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात. दक्षिण कोरियातल्या सांग इल सोक यांच्या गटाने २०१४ साली ही युक्ती प्रसिद्ध केली आणि जगभरच्या प्रयोगशाळांमधल्या फिल्म एका रात्रीत सुधारल्या, असं म्हटलं तरी चालेल.

पण त्याआधी २०१२ साली खरं वळण आलं होतं. आतला द्रव काढून टाकून त्याच्या जागी घन पदार्थाचा थर द्यायचा, हे दोन गटांनी जवळपास एकाच वेळी साधलं. दक्षिण कोरियातले नाम-ग्यू पार्क यांनी स्वित्झर्लंडच्या मिखाएल ग्रेट्झेल यांच्यासोबत ९.७ टक्के गाठले. ऑक्सफर्डचे हेन्री स्नेथ यांचा विद्यार्थी मायकेल ली जपानला जाऊन मियासाकांच्या प्रयोगशाळेत हा स्फटिक करायला शिकून आला होता आणि त्या गटाने १०.९ टक्के गाठले. ऑक्सफर्डच्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तोपर्यंत समजूत अशी होती, की पेरोव्स्काइट फक्त प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन वाहून नेतो तो त्याखालचा टायटॅनियम डायऑक्साइड. स्नेथ यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडऐवजी अॅल्युमिनाचा सच्छिद्र थर घेतला. अॅल्युमिना विजेचा अवाहक. त्यातून इलेक्ट्रॉन जाणं शक्यच नाही. तरीही सेल उत्तम चालला. याचा अर्थ पेरोव्स्काइट स्वतःच वीज वाहून नेत होता. हा पदार्थ प्रकाश शोषणारा रंग नसून पूर्ण दर्जाचा अर्धवाहक आहे, हे तिथे सिद्ध झालं आणि मग संशोधकांची रीघ लागली.

कार्यक्षमता वाढवणं म्हणजे गळती शोधून बुजवणं. प्रकाशाचा कण शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि त्याच्या मागे एक धनभारित रिकामी जागा उरते. या दोघांना विरुद्ध दिशांनी बाहेर काढायचं, म्हणजे तारेतून वीज वाहते. बाहेर पडण्याआधीच ते पुन्हा एकत्र आले तर ती ऊर्जा वाया जाते आणि सेलचं व्होल्टेज घसरतं. पेरोव्स्काइटमध्ये ही गळती थराच्या पोटात थोडी आणि कडांवर जास्त होते. एका स्फटिककणाची कड दुसऱ्याला भिडते तिथे, किंवा पेरोव्स्काइटचा थर शेजारच्या थराला टेकतो तिथे, आयोडीनचे काही आयन गळलेले असतात आणि शिशाचे अणू अर्धवट बंधांनिशी उघडे पडलेले असतात. अशा उघड्या जागा झाकणाऱ्या रेणूंचा शोध हा गेल्या दशकातल्या संशोधनाचा मोठा हिस्सा आहे. २०१९ साली चीनमधल्या एका गटाने तयार फिल्मवर फेनेथिलअमोनियम आयोडाइडचा पातळ लेप दिला आणि कार्यक्षमता २३ टक्क्यांच्या पुढे गेली. पुढे लिथुआनियातल्या काउनास आणि जर्मनीतल्या बर्लिनच्या संशोधकांनी एकाच रेणूच्या जाडीचा थर वापरायला सुरुवात केली. हे रेणू काचेवरच्या वाहक लेपाला एका टोकाने आपोआप चिकटून उभे राहतात आणि दुसऱ्या टोकाने पेरोव्स्काइटला हात देतात. आज बहुतेक विक्रमी सेलमध्ये या जातीचे रेणू असतात.

एकच थर असलेल्या सेलची सैद्धांतिक मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. विल्यम शॉकली आणि हान्स क्वीसर यांनी ती १९६१ साली मांडली. म्हणजे २६-२७ वर पोचलेल्या पेरोव्स्काइटला त्या बाजूला फार थोडं मिळवायचं उरलं आहे. आता दुसरी बाजू.

खिडकीशी उघडा ठेवलेला पेरोव्स्काइटचा सेल काही दिवसांनी पाहिला, तर त्याच्या कडा पिवळ्या पडलेल्या दिसतात. आधी कडा, मग फिल्ममध्ये जिथे बारीक भोकं राहिली असतील तिथे ठिपके, आणि हळूहळू ते पसरत एकमेकांना मिळतात. हा पिवळा रंग लेड आयोडाइडचा. ज्या कच्च्या मालापासून स्फटिक बनला होता, त्यातला एक भाग परत मूळ रूपात आला आणि दुसरा उडून किंवा वाहून गेला. या स्फटिकातले रासायनिक बंध घट्ट नसतात. पेरोव्स्काइट हा मुळात क्षारच, आयनांनी बनलेला, आणि मऊ. ज्या कारणाने तो शंभर अंशांवर, साध्या द्रावणातून तयार होतो, त्याच कारणाने तो मोडायलाही फारशी ऊर्जा लागत नाही. हवेतली वाफ आत शिरली की ती आधी स्फटिकाशी जोडली जाते, मग मिथिलअमोनियमला सोडवून नेते. आर्द्रता अजिबात नसली तरी ८५ अंशांच्या आसपास मिथिलअमोनियम हळूहळू वायू होऊन निसटतो. प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप तयार होतं आणि तेही यालाच कुरतडतं.

ज्याला काम करताना दिवसभर उन्हात तापायचं आहे, त्या पदार्थाला ऊन, उष्णता आणि हवा सोसत नाही. अडचण एवढी उघड आहे. पण याच्याही खाली एक गोष्ट आहे, आणि ती जास्त अवघड आहे: पेरोव्स्काइटमधले आयन जागेवर बसत नाहीत. आयोडीनचा एखादा आयन गळलेला असेल, तर शेजारचा आयन त्या रिकाम्या जागी सरकतो, त्याच्या जागी आणखी एक. सेल चालू असताना आतल्या विद्युतक्षेत्रामुळे ही हालचाल वाढते. सुरुवातीच्या काळात यामुळे मोजमापातच घोळ व्हायचा. व्होल्टेज वरून खाली नेत मोजलं तर एक कार्यक्षमता आणि खालून वर नेत मोजलं तर दुसरी, असे निकाल यायचे. सरकत सरकत हेच आयन मागच्या चांदीच्या थरापर्यंत पोचतात आणि चांदीचं सिल्व्हर आयोडाइड करून टाकतात. आयोडीनबरोबर ब्रोमीन मिसळलेल्या स्फटिकात तर प्रकाश पडताच दोघे वेगवेगळ्या भागांत जमा होऊ लागतात. हे २०१५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये एरिक होक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. अंधारात ठेवलं की ते पुन्हा मिसळतात.

आता आधीच्या गळतीकडे पुन्हा पाहिलं तर दिसतं, की ज्या जागी आयोडीन गळलेला आहे, तिथेच इलेक्ट्रॉन वाया जातात, तिथूनच आयन सरकतात आणि पाणीही तिथूनच शिरतं. म्हणून एखादा चांगला लेप कार्यक्षमता आणि आयुष्य दोन्ही वाढवतो. असं झालं की संशोधक हरखून जातात, आणि ते योग्यच आहे.

पण दोन्ही गोष्टी नेहमी हातात हात घालून येत नाहीत. कित्येक वर्षं सर्वात चांगले आकडे स्पायरो-ओमेटॅड नावाच्या सेंद्रिय थराने दिले. त्याची वाहकता वाढवायला त्यात लिथियमचा क्षार घालतात, आणि तो क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो. म्हणजे आकडा चढवणारी वस्तूच सेलच्या मुळावर. फेनेथिलअमोनियमच्या लेपाचंही तसंच. जास्त तापमानात तो खालच्या स्फटिकाशी हळूहळू संयोग पावतो, तिथे वेगळ्याच रचनेचा थर तयार होतो आणि वीज बाहेर यायला अडते. विक्रमाच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, की विक्रम बहुधा चौरस सेंटीमीटरहूनही लहान सेलवर, खोलीच्या तापमानाला आणि ताज्या सेलवर मोजलेला असतो.

टिकाऊपणासाठी पहिलं काम झालं ते पोकळीतल्या आयनवर. मिथिलअमोनियम उडून जातो म्हणून त्याच्या जागी फॉर्मअमिडिनियम आणला. हा उष्णतेला जास्त टिकतो आणि त्याचा स्फटिक उन्हाचा जास्त भाग शोषतो. पण तो आकाराने जरा मोठा. पोकळीत कोणत्या मापाचा आयन मावला तर ही मांडणी टिकते, याचं गणित व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२६ सालीच मांडून ठेवलं होतं. फॉर्मअमिडिनियम त्या गणिताच्या वरच्या टोकाशी आहे, म्हणून नेहमीच्या तापमानाला त्याचा काळा स्फटिक आपणहून पिवळ्या, निरुपयोगी रूपात जातो. इथे पाण्याची गरजही लागत नाही. मग त्यात थोडं सीझियम घातलं. सीझियमचा आयन लहान. मोठा आणि लहान मिळून सरासरी माप जमतं आणि काळं रूप टिकतं. २०१६ साली लोझानमध्ये मिखाएल सलिबा आणि सहकाऱ्यांनी सीझियम, फॉर्मअमिडिनियम आणि मिथिलअमोनियम यांचं मिश्रण वापरून २१ टक्क्यांच्या पुढचा सेल केला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका खेपेचे सेल आणि दुसऱ्या खेपेचे सेल सारखे येऊ लागले. कारखान्याच्या दृष्टीने मी याला विक्रमापेक्षा वरचं स्थान देईन.

काहींनी सेंद्रिय रेणू पूर्णच काढून टाकले आणि फक्त सीझियम ठेवलं. उडून जाणारं काही उरलंच नाही. मात्र यातही काळं रूप टिकवणं जिकिरीचं असतं. या वाटेवर नाव घ्यावं असं काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात घडलेले सावंता माळी यांचं आहे. दक्षिण कोरियातल्या चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी फिरत्या काचेवर दुसरा द्रव सोडण्याऐवजी गरम हवेचा झोत सोडून फिल्म धरण्याची पद्धत विकसित केली. हे काम ग्लोव्ह बॉक्सच्या बाहेर, साध्या हवेत होतं. कोल्हापूरच्या त्या विद्यापीठात पातळ थरांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. महागडी निर्वात यंत्रं नसताना, रासायनिक पद्धतीने काचेवर थर धरण्यात तिथल्या पिढ्या तयार झाल्या. पेरोव्स्काइटला नेमकं हेच कसब लागतं, आणि परदेशातल्या या विषयाच्या शोधनिबंधांवर पाटील, शिंदे अशी नावं दिसतात त्याचं मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरं काम सेल बंद कसा करायचा याचं. २०२० साली ऑस्ट्रेलियात अनिता हो-बेली यांच्या गटाने केलेला प्रयोग या बाबतीत मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. सील केलेल्या सेलमधून तापवल्यावर कोणकोणते वायू बाहेर पडतात, ते त्यांनी उपकरणांनी ओळखून काढलं. स्फटिक मोडताना जे वायू तयार होतात ते बाहेर जाऊ दिले तर मोडण्याची क्रिया पुढे चालू राहते. ते तिथेच कोंडून ठेवले तर क्रिया थबकते. म्हणजे सीलचं काम पाणी आत येऊ न देणं एवढंच नाही, आतलं बाहेर न जाऊ देणंही आहे. त्यांनी पॉलिआयसोब्युटिलीन हे ब्युटिल रबराच्या जातीचं स्वस्त बहुवारिक आणि काच वापरून सेल घट्ट बंद केले. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या पेटीत ते १८०० तासांहून जास्त टिकले. पॅनेलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात याच परीक्षेला १००० तास लागतात.

इथे एक इशारा द्यायला हवा. ती मानकं सिलिकॉनचे आजार डोळ्यांपुढे ठेवून बनली. ओल्या उष्णतेची परीक्षा अंधारात होते, आणि पेरोव्स्काइटचे निम्मे आजार तर उजेडात सुरू होतात. शिवाय दिवसा खालावलेला सेल रात्री थोडा सावरतो, किंवा काही सेलच्या बाबतीत सततच्या उजेडापेक्षा दिवस-रात्रीचं चक्र जास्त घातक ठरतं. म्हणून २०२० साली जगभरच्या संशोधकांनी मिळून पेरोव्स्काइटसाठी वेगळ्या चाचण्यांची शिस्त ठरवली. आता ‘हजार तास टिकला’ असं कुणी लिहिलं, की तापमान किती, उजेड होता का, हवा होती की नायट्रोजन, सेलमधून वीज काढली जात होती की तो नुसता पडून होता, हे सांगावं लागतं. हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस. महाराष्ट्रात छपरावर वर्षाला भरउन्हाच्या हिशेबाने अठराशे ते दोन हजार तास मिळतात. पंचवीस वर्षांचे ते पन्नास हजारांच्या घरात जातात. दोन आकड्यांमधलं हे अंतर जास्त तापमानावर घाईघाईने घेतलेल्या चाचण्यांच्या अंदाजाने भरायचं असतं, आणि तो अंदाज खरा ठरला की नाही हे वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवूनच कळतं.

शिशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात चौरस मीटरमागे पाऊण ग्रॅमच्या आसपास शिसे असतं. आजच्या बहुतेक सिलिकॉन पॅनेलच्या डाखातही शिसे असतंच. पण पेरोव्स्काइटमधलं शिसे पाण्यात विरघळू शकतं, आणि पुदिन्याच्या रोपांवर झालेल्या एका अभ्यासात ते इतर स्वरूपांतल्या शिशापेक्षा दहापट सहज रोपात शिरलं. त्यामुळे ‘प्रमाण थोडं आहे’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. गारपिटीत काच तडकली तरी शिसे बाहेर येऊ नये यासाठी ते धरून ठेवणारे थर, आणि आयुष्य संपलेलं पॅनेल परत घेण्याची कायद्याने बांधलेली व्यवस्था, हे दोन्ही विक्री सुरू होण्याआधी हवं. शिशाऐवजी कथील वापरून सेल होतात, पण कथील हवेत झपाट्याने ऑक्सिडाइज होतं आणि ते सेल आज तरी कार्यक्षमतेतही बरेच मागे आहेत.

पेरोव्स्काइट बाजारात पाऊल ठेवतो आहे तो सिलिकॉनच्या खांद्यावर बसून. सिलिकॉन लाल आणि अवरक्त प्रकाश चांगला वापरतो, पण निळ्या-हिरव्या प्रकाशातली जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन वाया घालवतो. वर पेरोव्स्काइटचा थर ठेवला तर तो निळा-हिरवा भाग चढ्या व्होल्टेजला वापरतो आणि उरलेला प्रकाश खाली सोडतो. या जोडीला टँडेम म्हणतात. २०२५ साली चीनच्या लाँगी कंपनीने लहान टँडेम सेलवर ३४.८५ टक्के नोंदवले. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच २९.४ आहे. स्नेथ यांनी सहसंस्थापक म्हणून उभी केलेली ऑक्सफर्ड पीव्ही जर्मनीत असे सेल बनवते आणि २०२४ साली तिने २४.५ टक्क्यांची पॅनेलं अमेरिकेतल्या एका ग्राहकाला पाठवली. जपानने वेगळा मार्ग धरला आहे. तिथली सेकिसुई केमिकल गुंडाळता येईल अशी हलकी फिल्म बनवते, कारण जपानमध्ये जड पॅनेलांना जागा कमी आणि आयोडीन मात्र मुबलक. जगातलं सुमारे ३० टक्के आयोडीन तिथे निघतं.

मुंबईत पवईला आयआयटीमधल्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्रात प्राध्यापक दिनेश काबरा यांचा गट टँडेमवर काम करतो आणि तिथे कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या जवळ पोचली आहे. याच कामातून उभी राहिलेली एआरटी-पीव्ही ही कंपनी केंद्र सरकारच्या अनुदानावर प्रायोगिक उत्पादनाची तयारी करते आहे. त्यांनी निवडलेली रचना चार टोकांची आहे, म्हणजे वरच्या आणि खालच्या सेलच्या तारा वेगळ्या. दोन टोकांच्या रचनेत दोन्ही सेल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे वरचा खालावला की त्याच्यामागे खालच्याचाही प्रवाह अडतो. चार टोकांच्या रचनेत तसं होत नाही. वरचा पेरोव्स्काइट अगदी पिवळा पडला, तरी लेड आयोडाइडमधून लाल आणि अवरक्त प्रकाश आरपार जातो आणि खालचं सिलिकॉन आपलं काम करत राहतं. जास्तीच्या काचा, तारा आणि जोडण्यांचा खर्च यात वाढतो. पण ज्या पदार्थाचं आयुष्य अजून ठरायचं आहे, त्याच्यासाठी ही निवड मला शहाणपणाची वाटते.

पवईच्या याच संशोधन केंद्राने सिलिकॉन पॅनेलांची देशभर पाहणी केली, तेव्हा उष्ण प्रदेशातली पॅनेलं थंड प्रदेशांतल्यापेक्षा लवकर खालावतात असं दिसलं होतं. सिलिकॉनची ही गत, तर पेरोव्स्काइटची परीक्षा जर्मनीच्या किंवा जपानच्या हवेत झाली एवढ्यावर आपण विसंबता कामा नये. विदर्भात मे महिन्यात छपरावरचं पॅनेल पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापतं. कोकणात जूनपासून चार महिने हवा पाण्याने भरलेली असते आणि ढग सरले की लगेच कडक ऊन. बंद पेटीतल्या ८५-८५ च्या चाचणीची ही मोकळ्या आकाशाखालची रूपं आहेत, आणि इथे उजेडही आहे. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात आणि रत्नागिरी-पणजीच्या पावसात मोजणी करणारी छोटी छोटी केंद्रं उभी राहिली, एकेका पॅनेलची वीज दर काही मिनिटांनी नोंदली गेली आणि ती नोंद सगळ्यांना खुली ठेवली गेली, तर आपल्या संशोधकांना परदेशी विक्रमांच्या मागे धावण्यापेक्षा मोठं काम मिळेल. खर्चही प्रयोगशाळेतल्या एखाद्या मोठ्या यंत्रापेक्षा फार नसावा.

घरावर सोलर बसवायचा विचार असलेले काही जण पेरोव्स्काइटसाठी थांबावं का, असं विचारतात. थांबू नये. पीएम सूर्यघरसारख्या योजनेतून आज जे सिलिकॉन पॅनेल मिळतं, ते वीजबिल आजपासून कमी करतं आणि त्याच्या वीस-पंचवीस वर्षांच्या वागणुकीचा खरा अनुभव जगाकडे आहे. उद्या कुणी टँडेम पॅनेल विकायला आलं तर टक्केवारी शेवटी विचारावी. आधी विचारावं, की भारतात उघड्यावर हे किती पावसाळे काढून आलं आहे, पहिल्या वर्षानंतर दरवर्षी किती घट धरली आहे, आणि तडकलेलं पॅनेल परत कोण नेणार.